बाग उभी करणारी माणसं : लँडस्केपच्या धंद्यात नव्यानं येणाऱ्यांसाठी

साइटवर लाल मातीचा डंपर आला की आमचे माळी, ज्यांना आम्ही मामा म्हणतो, टायरवर पाय देऊन वर चढतात. वरची वीतभर माती बाजूला सारतात, आतली मूठभर काढतात, थोडं पाणी शिंपडून तिचा लाडू वळतात आणि कमरेच्या उंचीवरून खाली सोडतात. लाडू फुटला तर डंपर रिकामा होतो. चपटा होऊन तसाच राहिला तर ड्रायव्हरला चहा पाजून गाडी परत पाठवली जाते. वर छान पोयटा आणि खाली चिकणमाती, अशा गाड्या मामांनी कितीतरी परत लावल्या आहेत. मी उद्यानविद्येची पदवी घेतली आहे. मातीचा पोत, सामू (पीएच), निचरा हे सगळं परीक्षेत लिहिलंय. धंद्यात मला तोट्यातून वाचवलं ते मात्र त्या लाडवानं.

लँडस्केपचं काम सुरू करू पाहणारी मुलंमुली माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांचे प्रश्न ठरलेले असतात. कोणतं सॉफ्टवेअर शिकू, ऑफिस कुठे घेऊ, पहिलं काम कसं मिळेल. मी त्यांना उलट विचारते, तुमच्याबरोबर कोण आहे? बहुतेकांकडे उत्तर नसतं. बाग बांधायला डझनभर वेगवेगळ्या कामांची माणसं लागतात. ती कोणत्या क्रमानं जोडायची, कशी पारखायची, कशी टिकवायची, हे मला सुरुवातीला कुणी सांगितलं नव्हतं. ते इथे पायरीपायरीनं लिहिते आहे. माझं काम पुण्यात आणि आसपास चालतं, म्हणून उदाहरणंही इथलीच आहेत.

पायरी १ : आपल्यात काय कमी आहे ते ओळखा

या धंद्यात माणसं तीन दारांनी येतात. कुणी आर्किटेक्चर शिकून येतं, कुणी शेतकी कॉलेजातून, कुणी बांधकामाच्या ठेकेदारीतून. तिघांचंही एकेक अंग दुबळं असतं.

आर्किटेक्चरवाल्यांचं ड्रॉइंग देखणं असतं, पण कागदावर झाड म्हणजे एक गोल. तो गोल दहा वर्षांनी केवढा होणार, त्याची मुळं कंपाउंडच्या भिंतीला काय करणार, हे त्यांना शिकावं लागतं. ठेकेदारीतून आलेल्याला काँक्रीट कळतं, पण बांधकामाचा राडारोडा तो निर्धास्तपणे बागेच्या खड्ड्यात भरतो आणि वर सहा इंच माती टाकून लॉन लावतो. पहिल्या उन्हाळ्यात ते लॉन ठिकठिकाणी पिवळं पडतं. मी शेतकीवाली. मला झाडं कळत होती, पण लेव्हल कळत नव्हती. माझ्या दुसऱ्याच कामात पायवाटेचं सगळं पाणी गिऱ्हाइकाच्या दिवाणखान्याच्या दारात येऊन थांबलं होतं.

म्हणून पहिला भागीदार किंवा पहिला पगारी माणूस आपल्यासारखा घेऊ नका. कॉलेजातल्या मित्राबरोबर सुरुवात करणं सोपं वाटतं, पण दोघांना एकच गोष्ट येत असेल तर दोघांचा आंधळा कोपराही एकच असतो.

काम मोठं असेल, गृहसंकुल, शाळा किंवा रिसॉर्ट, तर शिकलेला लँडस्केप आर्किटेक्ट सोबत घ्या. या विषयाचं पदव्युत्तर शिक्षण दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये, अहमदाबादच्या सेप्टमध्ये आणि पुण्यातल्या भानुबेन नानावटी महाविद्यालयात मिळतं. लहान बंगल्यांच्या कामात त्यांची फी निघत नाही असं वाटतं, पण जमिनीला मोठा उतार असेल किंवा भराव धरणारी भिंत बांधायची असेल, तर एका सल्ल्याची फी जरूर द्या.

पायरी २ : माळी आधी, बाकी सगळे नंतर

माझ्या मते पहिला पगार माळ्याचा असावा. ऑफिसच्या आधी, लॅपटॉपच्याही आधी.

माळी हा एकच शब्द आपण तीन वेगळ्या माणसांसाठी वापरतो. एक नर्सरीतला, जो कलमं करतो, रोपं वाढवतो. दुसरा लागवडीचा, जो मोठी झाडं उतरवतो, खड्डे भरतो, लॉन अंथरतो. तिसरा देखभालीचा, जो रोज त्याच बागेत जातो आणि कोणतं पान काल कसं होतं हे ज्याच्या लक्षात असतं. तुम्हाला पहिल्यांदा लागतो तो दुसरा, पण त्याच्यात तिसऱ्याचा थोडा स्वभाव हवा.

शोधायचा कुठे? नर्सरीवाल्यांना विचारा, त्यांना सगळे ठाऊक असतात. कृषी विद्यापीठाचा वर्षभराचा माळी प्रशिक्षण अभ्यासक्रम केलेली तरुण मुलं मिळतात. महापालिकेच्या उद्यान खात्यातून निवृत्त झालेले माळी मिळाले तर फारच चांगलं. त्यांच्या हाताखाली दोन तरुण द्या, म्हणजे अंगमेहनत तरुणांची आणि नजर त्यांची.

मुलाखत घेत बसू नका. अर्धा दिवस पूर्ण मजुरी देऊन कामाला लावा आणि शेजारी उभे राहा. झाडाची पिशवी तो ब्लेडनं उभी कापून काढतो की खोड धरून ओढतो? मुळांचा गोळा खड्ड्यात ठेवण्याआधी खड्ड्यात पाणी ओतून ते किती वेळात मुरतं ते बघतो का? झाड ठेवल्यावर वाकून खोडाचा बुडखा जमिनीच्या पातळीला आहे की खाली गाडला गेला आहे, हे तपासतो का? खोड चार बोटं जास्त गाडलं की झाड लगेच मरत नाही, दोन वर्षं रखडतं आणि मग जातं. तोवर दोष कुणाचा हेही कळत नाही. आणि शेवटचं : सुट्टी झाल्यावर फावडं धुऊन ठेवतो का? या चार गोष्टी करणारा माणूस बोलायला कितीही तुटक असला तरी सोडू नका.

शेणखताची पारखही त्याच्यावरच सोपवा. मामा ढिगात मनगटापर्यंत हात घालतात. आत गरम लागलं तर खत अजून कच्चं. वास आंबूस, तरी कच्चंच. मग दोन-तीन ठिकाणी उकरून हुमणीच्या पांढऱ्या अळ्या शोधतात. कच्च्या शेणखतातून आलेली हुमणी लॉनची मुळं खाते आणि गवताची सतरंजी हातानं उचलली तर उचलून येते. असं लॉन पुन्हा लावून देण्याची पाळी माझ्यावर एकदा आली. त्यानंतर खताच्या गाडीच्या चलनावर, म्हणजे माल पोहोचल्याच्या पावतीवर, मामांच्या होकाराशिवाय सही होत नाही.

हा नियम पहिल्या दिवसापासून ठेवा : झाड, माती आणि खत गाडीतून उतरवायचं की नाही, हे माळी ठरवेल. तुम्ही नाही आणि गिऱ्हाईकही नाही. त्याचा शब्द तुम्ही चारचौघांत एकदा मोडलात की पुढच्या वेळी तो बोलणारच नाही.

पायरी ३ : सुपरवायझर घडवावा लागतो

तयार सुपरवायझर मिळेल या आशेवर राहू नका. सिव्हिलचा डिप्लोमा झालेल्याला झाडांचं वावडं असतं, माळीकामातून वर आलेल्याला ड्रॉइंग वाचता येत नाही. मी दोन्ही प्रकार घेतले. माझा अनुभव असा की झाडं ओळखणाऱ्याला मोजमाप शिकवणं तुलनेनं सोपं जातं. आमचा आताचा सुपरवायझर माळ्याचाच मुलगा आहे. त्याला पंधरा दिवस मामांबरोबर ठेवलं होतं, पंधरा दिवस गवंडी मिस्त्रींबरोबर, आणि मग महिनाभर फक्त गाड्या मोजायला.

गाड्या मोजणं हे मोठं काम आहे. माती, मुरूम, क्रश सँड, खडी सगळं ब्रासवर येतं आणि एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. डंपरची लांबी, रुंदी आणि मालाची उंची फुटांत मोजून गुणाकार करायचा आणि शंभरानं भागायचं. हौदा १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि माल अडीच फूट भरला असेल तर दीड ब्रास. चलनावर दोन लिहिले असतील तर तिथेच हाक मारायची, गाडी रिकामी झाल्यावर नाही. मधोमध शीग लावून कडा रिकाम्या ठेवलेल्या असतात, म्हणून आधी माल फावड्यानं सपाट करून घ्यायचा. हजार चौरस फुटांच्या लॉनला सहा इंच माती म्हणजे पाच ब्रास. पाणी मारल्यावर माती बसते, म्हणून सहा धरायचे. असल्या हिशेबात सुपरवायझर कच्चा असला तर तुमचा नफा डंपरबरोबर जातो.

त्याच्याकडून रोज तीन गोष्टी मागा : हजेरीचं पान, आलेल्या मालाची चलनं आणि जमिनीखाली गेलेल्या प्रत्येक गोष्टीचा फोटो. तिसरी गोष्ट सगळे विसरतात. पाइप, केबल, चेंबर, माती टाकण्याआधी शेजारी टेप धरून फोटो काढून ठेवला की दोन वर्षांनी कुणी नवं झाड लावायला खड्डा घेतला तरी केबल तुटत नाही.

पायरी ४ : कोण कुणाचं काम मोडणार आहे, ते आधी विचारा

ही पायरी मी मोठी किंमत देऊन शिकले.

एका गच्चीवर बाग करायची होती. वॉटरप्रूफिंग झालं, ७२ तास पाणी साठवून चाचणी घेतली, खाली एक थेंब नाही. सगळे खूश. पुढच्या आठवड्यात पर्गोलाचा, म्हणजे उघड्या पट्ट्यांच्या मांडवाचा, लोखंडी काम करणारा फॅब्रिकेटर आला. त्यानं आपलं काम चोख केलं : ओळंबा लावून खांब उभे केले आणि प्रत्येक खांबाखाली चार-चार बोल्ट स्लॅबमध्ये ठोकले. ते बोल्ट वॉटरप्रूफिंगच्या थरातून आरपार गेले. त्यावर ड्रेन सेल (पाणी वाहून नेणाऱ्या प्लास्टिकच्या जाळ्या), जिओटेक्स्टाइल (माती अडवणारं कापड), माती, झाडं. जुलैत खालच्या मजल्यावर लहान मुलाच्या खोलीचं छत गळायला लागलं. सगळी माती गोण्यांत भरून जिन्यानं खाली आणली, थर पुन्हा केला, माती पुन्हा वर नेली. वॉटरप्रूफिंगवाल्याची चूक नव्हती, फॅब्रिकेटरचीही नव्हती. त्या दोघांची कधी गाठच पडलेली नव्हती आणि ती घालून देणं माझं काम होतं.

तेव्हापासून काम सुरू होण्याआधी आम्ही सगळ्यांना एकदा साइटवर बोलावतो. गवंडी मिस्त्री, फरशीवाले, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, फॅब्रिकेटर, वॉटरप्रूफिंगवाले, मामा. चहा होतो आणि प्रत्येकाला दोनच प्रश्न विचारले जातात. तुम्ही काय फोडणार आहात? तुमचं काय फुटता कामा नये? अर्ध्या तासात अशा गोष्टी बाहेर येतात ज्या ड्रॉइंगवर कुठेच नसतात. त्या दिवसाची मजुरी बुडते म्हणून लोक यायला कुरकुरतात. अर्ध्या दिवसाची हजेरी द्या, ती वसूल होते.

गच्चीच्या कामात या बैठकीआधी आणखी एका माणसाला भेटायचं असतं, तो म्हणजे इमारतीचा स्ट्रक्चरल इंजिनियर. भिजलेली माती घनफुटाला साधारण ५० किलो भरते. म्हणजे फूटभर खोल माती चौरस मीटरला ५०० किलोंच्या वर जाते, आणि माणसं वावरतात अशी साधी गच्ची बांधताना असा भार धरतात चौरस मीटरला सुमारे १५० किलोंचा. इंजिनियरच्या लेखी होकाराशिवाय गच्चीवर मातीचं एक घमेलंही चढवू नका. गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असलं तरी. इंजिनियर नाही म्हणाला तर कुंड्या, कोकोपीटचं (नारळाच्या काथ्याच्या भुशाचं) हलकं मिश्रण, तुळईच्या रेषेत ठेवलेले वाफे असे मार्ग निघतात. तेही त्यालाच विचारून.

जमिनीवरच्या बागेत माणसांचा क्रम साधारण असा लागतो. आधी जुनी झाडं वाचवायची असतील त्यांच्याभोवती बांबूचं कुंपण, कारण जेसीबीवाला एका फेरीत मुळांवरची जमीन दाबून टाकतो. महापालिका हद्दीत असलेलं झाड तोडायचं किंवा हलवायचं असेल तर १९७५ च्या झाडांच्या संरक्षण कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. तिला वेळ लागतो, म्हणून अर्ज पहिल्याच आठवड्यात करा. मग राडारोडा काढणं, पाण्याचा निचरा, भिंती. त्यानंतर पायवाटांच्या खालून मोकळे पाइप आडवे टाकून ठेवणं, म्हणजे पुढे ठिबकची नळी किंवा दिव्याची केबल न्यायला फरशी फोडावी लागत नाही. मोठी झाडं हायड्रा क्रेननं उतरवायची ती फरशी होण्याआधी. नंतर क्रेनला आत यायला वाट उरत नाही आणि आली तरी फरशी तडकते. त्यानंतर सोलिंग (दगडांचा पाया), पीसीसी (साधं काँक्रीट), फरशी, मग उरलेली माती, ठिबक आणि पॉप-अप (जमिनीतून वर येणारे फवारे), झुडपं. लॉन सगळ्यात शेवटी, रंगाऱ्याचा शेवटचा डबा साइटवरून गेल्यावर.

गवंडी मिस्त्री पारखायचा तर त्याला दहा फुटांचा तुकडा फरशी लावायला द्या आणि वर बादलीभर पाणी ओता. घरात फरशी लावलेले मिस्त्री लेव्हल अगदी सपाट ठेवतात, कारण घरात तेच कौतुकाचं असतं. बागेत दहा फुटांना सव्वा इंच तरी उतार हवा. आमचे मिस्त्री पाणी ओतून उकिडवे बसतात आणि डबकं कुठे साचतं ते बोटानं दाखवतात. कुणी सांगण्याआधी ती फरशी ते स्वतःच उचलतात. असा माणूस हजेरीला थोडा महाग पडला तरी घ्या.

दगडाच्या कामाला शक्यतो वडार कारागीर बघा. आपला काळा दगड त्यांच्या हातातला आहे. छिन्नी लावण्याआधी ते दगडावर हातोडीनं हलकेच टकटक करून कान देतात. खणखणीत आवाज आला तर दगड आतून अखंड, बद्द आला तर चीर आहे. काळ्या मातीच्या उतारावर भिंत बांधताना पाणी बाहेर पडायला भोकं कुठे आणि किती ठेवायची, हे त्यांना ड्रॉइंगपेक्षा नीट कळतं. ती माती पावसात फुगते आणि कोंडलेलं पाणी भिंत ढकलतं. त्यांना नुसतं मजूर म्हणून बोलावू नका, भिंत कुठून वळवायची हे विचारा.

पायरी ५ : झाडं विकणारी माणसं

पुण्यात काम करायचं तर सोलापूर रस्त्याला लोणी काळभोर, सोरतापवाडी, उरुळी कांचन या पट्ट्यात महिन्यातून एक दिवस घालवायलाच हवा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नर्सऱ्या आहेत. सुरुवातीला सगळीकडे भाव विचारत फिरा, पण वर्षभरात तीन-चार नर्सऱ्या पक्क्या करा. दर वेळी पाच रुपये कमी देणारा शोधत राहिलात तर दर वेळी उरलेला माल मिळेल. ज्याच्याकडे तुम्ही सातत्यानं जाता तो स्वतःहून फोन करतो, “ताई, बकुळीचा चांगला लॉट आलाय, बघून जा.”

मोठी झाडं आणि पाम आंध्रातल्या कडियमहून येतात. राजमहेंद्रीजवळचा तो सगळा परिसर नर्सऱ्यांचाच आहे. भाव चांगला मिळतो, पण तीन गोष्टी सांभाळा. एकदा स्वतः जाऊन या, फोटोवर झाड घेऊ नका. झाडाला खूण करून या. आणि गाडी आल्यावर झाडं लगेच लावू नका. आठ-दहा दिवस सावलीत ठेवून पाणी द्या. तिकडचा गोळा अनेकदा चिकणमातीचा असतो. आपल्या मोकळ्या मातीत तो तसाच ठेवला तर बाजूची माती ओली आणि गोळा आतून कोरडा, असं होतं. मामा लागवडीआधी गोळ्याला कडेनं पहारीनं चार-पाच भोकं पाडून घेतात.

नर्सरीवाल्याशी बोलताना पिशवीच्या मापात बोला. “पाच फुटी ताम्हण” म्हटलं तर आठ बाय दहाच्या पिशवीत कोंडलेलं, सुतळीसारखं उंच गेलेलं रोपही पाच फुटी भरतं. पिशवी किती इंची, खोडाचा घेर किती, असं विचारलं की समोरच्याला कळतं की गिऱ्हाईक जाणतं आहे. ताम्हण, बहावा, कांचन, सीता अशोक ही आपली झाडं मागत राहा. मागणी असली की नर्सरीवाले रोपं करतात. मागणारंच कुणी नसेल तर ते फॉक्सटेल पामच भरणार. या बाबतीत डिझाइन करणाऱ्यांवर खरी जबाबदारी आहे असं मला मनापासून वाटतं.

पायरी ६ : हजेरी, मजुरी आणि कागद

मजुरी ठरल्या दिवशी द्या. शनिवार म्हणजे शनिवार. गिऱ्हाइकाचं बिल अडकलं हे कारण मजुराला सांगायचं नसतं. त्यासाठी सुरुवातीपासून दोन महिन्यांच्या मजुरीइतकी रक्कम बाजूला ठेवा. एवढी रक्कम नसेल तर काम लहान घ्या.

उक्तं काम (सगळ्या कामाची मिळून एक रक्कम ठरवून) द्यायचं की हजेरीवर, हा वाद नेहमीचा. खोदाई, सोलिंग, माती वाहणं उक्तं द्यावं, लवकर होतं. लागवड आणि दगडाचं दर्शनी काम कधीही उक्तं देऊ नये. झाड लावण्याची घाई करायला पैसे मोजण्यासारखं ते होतं.

खुरपणी आणि लॉनचं काम आमच्याकडे बायका करतात. एकाच कामाला बाईची हजेरी कमी, ही पद्धत अजूनही सर्रास आहे. ती पाळू नका. साइटवर त्यांच्यासाठी शौचालय कुठलं, हे काम घेतानाच गिऱ्हाइकाशी बोलून लिहून घ्या. नाहीतर त्या दिवसभर पाणी पीत नाहीत, मे महिन्यातसुद्धा. हे मला तिसऱ्या वर्षी एका मावशीनं सांगितलं, आणि तोवर माझ्या लक्षात आलं नव्हतं याचं वाईट वाटलं.

गवताळ मोकळ्या प्लॉटवर पहिल्या दिवशी गमबूट द्या, घोणस-फुरसं असतंच. जवळच्या कोणत्या दवाखान्यात सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन आहे ते सुपरवायझरच्या वहीत पहिल्या पानावर हवं.

कामगारांची नोंदणी करून द्या. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे १८ ते ६० वयाच्या आणि मागच्या वर्षात ९० दिवस काम केलेल्या कामगाराला नोंदणी मिळते. मंडळाच्या कामांच्या यादीत सार्वजनिक उद्यानं आणि पदपथांचं कामही आहे. ९० दिवसांच्या दाखल्यावर ठेकेदाराची सही लागते. ती द्यायला टाळाटाळ करू नका, त्यावर त्यांच्या मुलांची शिष्यवृत्ती अवलंबून असते. वीस माणसं कामावर झाली की भविष्य निर्वाह निधीचा कायदा लागू होतो.

झाडांच्या विक्रीवर जीएसटी नाही, बागेच्या कामाच्या करारावर आहे. दोन्ही एका बिलात कसं मांडायचं, हे पहिलं बिल करण्याआधी सीएला विचारा. सीए हाही तुमच्या माणसांपैकीच एक समजा.

माणसं कधी नसतील याचं कॅलेंडर भिंतीवर लावा. जूनमध्ये पेरणीला गावी जाणारे, दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारे, छठ आणि होळीला उत्तरेकडे जाणारे. त्या आठवड्यात काम संपवून देण्याचं वचन गिऱ्हाइकाला देऊ नका. मामांच्या गावच्या जत्रेची तारीख आमच्या कॅलेंडरवर लाल शाईनं असते.

पायरी ७ : गिऱ्हाइकाच्या घरी एकच आवाज

घरात चार माणसं आणि चार मतं असतात. आजींना तुळस आणि पारिजातक हवा असतो, मुलाला बार्बेक्यू, वहिनींना पार्किंग. हे सगळं नीट ऐकून घ्या, आजींचं विशेष, कारण बागेत सर्वांत जास्त वेळ त्याच बसणार असतात. पण काम सुरू झाल्यावर निर्णय कोण सांगणार, ते नाव करारात लिहून घ्या. तसंच तुमच्या बाजूनं कोण बोलणार तेही. गिऱ्हाईक परस्पर मिस्त्रींना म्हणालं, “हा कट्टा जरा वाढवा,” तर मिस्त्रींनी म्हणायचं, “ताईंशी बोलून घ्या,” एवढंच. नकार नाही, होकारही नाही. हे वाक्य आम्ही प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवतो.

पायरी ८ : बाग सोपवताना

काम संपलं की आपण फोटो काढून निघतो आणि बाग सोसायटीच्या किंवा बंगल्याच्या माळ्याच्या हातात जाते. त्या माणसाशी आपण कदाचित एकदाही बोललेलो नसतो. त्याला शेवटच्या दिवशी नाही, शेवटच्या आठवड्यात बोलवा आणि मामांबरोबर काम करू द्या. प्रत्येक व्हॉल्व्ह त्याच्या हातानं फिरवून घ्या, नुसता दाखवू नका. कोणत्या व्हॉल्व्हनं कोणता वाफा भिजतो ते मराठीत किंवा हिंदीत, त्याला वाचता येईल त्या भाषेत, मोठ्या अक्षरात लिहून पंपाच्या खोलीत लावा. टायमर बिघडला तर हातानं पाणी कसं सोडायचं तेही.

देखभालीचा करार मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तरी तीन भेटी ठरवून ठेवा आणि त्यांची किंमत मूळ कामातच धरा. पहिली महिन्यानं, दुसरी तीन महिन्यांनी, तिसरी पहिल्या मोठ्या पावसानंतर. पहिल्या दोन सुपरवायझर करू शकतो. तिसरीला मामांनाच न्या. पावसात झाडं भराभर वाढतात आणि लागवडीच्या वेळी आधाराच्या बांबूला बांधलेली सुतळी खोडात रुतायला लागते. वरून ती दिसत नाही, साल तिच्यावरून चढलेली असते. मामा प्रत्येक खोडावरून अंगठा फिरवत जातात, जिथे खाच लागते तिथे थांबतात, जुनी सुतळी कापतात आणि दोन बोटं मावतील इतकी सैल नवी बांधतात. त्या दिवशी गाडीत कात्री आणि सुतळीचा नवा गुंडा न विसरता ठेवा.